बिनलग्नाची शार्लट : जमैकातल्या मळ्यावरच्या घरातली ओढ कथेत कशी उतरवावी

पहिल्या खर्ड्यात मी शार्लटला समुद्राकडे बघत बसवलं होतं. संध्याकाळ, वारा, गळ्याशी लेस, मांडीवर मिटलेलं पुस्तक. अडीच पानं ती नुसती बघत होती. मैत्रिणीला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, ही आपल्या वाड्यातली आत्याच आहे. फक्त झगा घातलाय." तिचं म्हणणं खरं होतं आणि मला ते फार लागलं, कारण एकतीस वर्षं मी मुलांना इतिहास शिकवला आहे.

शार्लट ही माझ्या कथेतली बाई. साल १८४७, वय चौतीस. जमैका बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर ट्रेलॉनी पॅरिश (तिथला जिल्हाच म्हणा) आहे, तिथल्या फाल्मथ बंदरापासून घोड्यावरून दोन तास आत गेलं की तिच्या भावाचा उसाचा मळा लागतो. ती भावाच्या घरात राहते. कुणीतरी आपल्यावर प्रेम करावं, असं तिला वाटतं. एवढंच कथाबीज. ते उभं करायला चार वर्षं लागली. ज्यांना अशी बाई लिहायची आहे, दिवाळी अंकासाठी असो की कादंबरीसाठी, त्यांची दोन वर्षं तरी वाचावीत म्हणून हे लिहिते आहे.

आधी वाड्यातून बाहेर या

आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात आठ-दहा वर्षांच्या मुलींची लग्नं होत. घरात एकटी उरलेली बाई बहुतेक विधवाच असे. त्यामुळे एकटेपणाचं आपलं सगळं भांडार विधवेचं आहे : आलवण, केशवपन, कोपऱ्यातली खोली, मंगलकार्यात मागे राहणं. बिनलग्नाच्या प्रौढ बाईसाठी आपल्याकडे शब्द तरी कोणता? 'घोडनवरी', तोही टोमणा. म्हणून हात आपोआप विधवेकडे वळतो आणि आपल्याला ते कळतही नाही.

शार्लटचा नवरा मेलेला नाही, तो आलाच नाही. तिला कुणी अशुभ मानत नाही. फाल्मथच्या नाचाला तिला बोलावणं असतं. पहिल्या वर्षी ती मधोमध नाचते, पाचव्या वर्षी भिंतीशी खुर्चीवर बसते, दहाव्या वर्षी इतरांच्या शाली सांभाळते. तिचा कुणी छळ करत नाही, सगळे तिला गृहीत धरतात. भावजय बाळंतीण झाली की शार्लट, भाचा तापला की शार्लट, पाहुणे आले की चादरी काढायला शार्लट. हे दुखणं वेगळ्या जातीचं आहे. त्याला आलवणाचा रंग दिलात की कथा गेली.

आधी बेट, मग साल, मग वय

'कॅरिबियन' म्हणून एक घर नाही. हैती १८०४ मध्येच स्वतंत्र झाला. इंग्रजांच्या बेटांवर गुलामगिरी १ ऑगस्ट १८३४ ला कायद्याने संपली, पण 'उमेदवारी'च्या (अ‍ॅप्रेंटिसशिपच्या) नावाखाली ती बहुतेक ठिकाणी आणखी चार वर्षं चालली आणि खरी सुटका १८३८ मध्ये झाली. मार्टिनिकमध्ये १८४८, डच सुरिनाममध्ये १८६३, क्युबात तर १८८६. घरात पाणी आणून देणारी बाई गुलाम आहे की पगारी, हे या सालांवरून ठरतं. तेच ठरलं नसेल तर नायिकेने "पाणी दे" हे कोणत्या सुरात म्हणायचं?

एका कागदावर वर्षं उभी लिहा आणि शेजारी नायिकेचं वय. शार्लट १८१३ ची. १८३१ च्या नाताळात सॅम शार्पच्या नेतृत्वाखाली पश्चिम जमैकातल्या गुलामांनी उठाव केला, मळे पेटले, तेव्हा ती अठरा वर्षांची. म्हणजे लग्नाच्या वयात तिने खिडकीतून आगी पाहिल्या. १८३८ ला पंचवीस. १८४६ ला लंडनच्या संसदेने साखरेवरच्या जकातीचा कायदा बदलला तेव्हा तेहतीस. हा कागद मी स्वयंपाकघरात फ्रिजवर चिकटवला होता. पात्र अडलं की मी त्या कागदापाशी जायची.

वस्तूंच्या तारखाही अशाच तपासा. मी तिच्या टेबलावर रॉकेलचा दिवा ठेवला होता. रॉकेल घराघरांत आलं ते १८६० नंतर. जमैकात त्या काळी दिव्यात एरंडेल जाळत. तो दिवा बदलला आणि खोलीला वास आला, काजळी आली, एरंडीच्या बिया कुटणाऱ्या बायका आल्या. आंब्याबद्दल मात्र निर्धास्त राहा. १७८२ मध्ये इंग्रजांनी एक फ्रेंच जहाज पकडलं, त्यावर हिंदी महासागरातल्या बेटावरून आणलेली आंब्याची रोपं होती, नंबर घातलेली. त्यातल्या अकरा नंबरच्या रोपाचा आंबा जमैकात आजही 'नंबर इलेव्हन' म्हणूनच खातात. पण आंबा दिसला म्हणून कोकण आणू नका. मोह फार होतो, मला माहीत आहे.

तिच्या ताटातलं कोण भरतं

माझी सगळ्यात कळकळीची सूचना ही : प्रेमाबद्दल एक ओळ लिहिण्याआधी तिच्या पैशांची वही लिहून काढा. ही वही कथेत यायची गरज नाही. तुम्हाला पाठ हवी.

मळेवाल्यांच्या मृत्युपत्रांत मुलीसाठी वर्षासन ठेवलेलं असे, बऱ्याचदा लग्न होईपर्यंतचं, आणि त्याचा बोजा मळ्यावर असे. मळा पिकला तर वर्षासन. शार्लटला वर्षाला साठ पौंड, हा आकडा मी कथेपुरता धरला. १८४६ च्या कायद्याने इंग्रज बेटांच्या साखरेला असलेलं संरक्षण टप्प्याटप्प्याने काढायचं ठरलं. क्युबा आणि ब्राझीलची, गुलामांकडून पिकवलेली स्वस्त साखर इंग्लंडच्या बाजारात त्याच जकातीच्या दराने उतरू लागणार होती. जमैकातले मळे बसायला लागले. आता भाऊ म्हणतो, "या वर्षीचं नंतर बघू." तो दुष्ट नाही, तो खरंच बुडतो आहे. पण त्या वाक्यानंतर शार्लटची वाट बघण्याची तऱ्हाच बदलते. आधी तिला प्रेम हवं होतं. आता प्रेम हवं आहे आणि छप्परही हवं आहे, आणि आपल्या मनातलं यातलं कोणतं कुठे संपतं हे तिचं तिलाच सांगता येत नाही. कथा मला तिथे सापडली.

वहीचं दुसरं पान जास्त जड आहे. गुलामगिरी उठवताना इंग्रज सरकारने २ कोटी पौंड नुकसानभरपाई दिली, तीही मालकांना. जमैकात सुमारे ३ लाख ११ हजार माणसांपोटी सुमारे ६१ लाख पौंड, म्हणजे माणशी वीस पौंडांच्या आसपास. ज्यांना राबवलं त्यांना एक पेनीही मिळाली नाही. हे दावे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने शोधता येतील अशा रूपात इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. उघडून बघा. त्यात बायका किती आहेत ते बघून मी थक्क झाले : विधवा, आणि नावापुढे 'स्पिन्स्टर' लिहिलेल्या बिनलग्नाच्या बायका. कुणाच्या नावावर दोन माणसं, कुणाच्या नावावर एकच.

त्याआधीची गुलामांची नोंदपुस्तकंही पाहा. जमैकात ती १८१७ पासून दर तीन वर्षांनी भरली जात. रकाने असे : नाव, रंग, वय, आफ्रिकेत जन्मलेला की बेटावर, शेरा. शेऱ्यात पुष्कळदा आईचं नाव. बापाचं नाव जवळजवळ नसतंच. असे रकाने दुपारभर वाचत बसल्यावर मला माझ्या कथेतली दुसरी बाई मिळाली. मळेवाले आपल्या लहान मुलांना गुलाम भेट देत. शार्लट सात वर्षांची असताना वडिलांनी तिच्या वयाची फीबी तिच्या नावावर केली, असं मी लिहिलं. १८३६ च्या सुमाराला शार्लटला फीबीपोटी वीस पौंड मिळाले आणि त्यातून तिने फाल्मथच्या नाचासाठी झगा शिवला. हे वाक्य मी दोन महिने लिहू शकले नव्हते. लिहिलं तेव्हा कथेत एकच वाक्य म्हणून ठेवलं, मागेपुढे एकही विशेषण नाही. तुम्हीही असंच करा. असल्या वाक्याला टेकू लावू नका.

पैसा आणि प्रेम यांची गाठ एका खऱ्या घरात बघायची असेल तर बॅरेट घराणं बघा. शेजारच्या सेंट जेम्स पॅरिशमधलं सिनॅमन हिल हे त्यांचं घर. एडवर्ड बॅरेट जमैकात १७८५ मध्ये जन्मला आणि लहानपणीच इंग्लंडला गेला, पण पैसा उसाचाच. त्याने आपल्या सगळ्या मुलांना लग्नाची बंदी केली होती. थोरली एलिझाबेथ चाळीस वर्षांची होईपर्यंत बापाच्याच घरात राहिली आणि १२ सप्टेंबर १८४६ ला तिने चोरून लग्न केलं. बापाने तिला कधीही माफ केलं नाही. ती कवयित्री होती, म्हणून तिचं आपल्याला कळलं. शार्लट कविता करत नाही.

'बिनलग्नाची' हा शब्द चौघींना लावून बघा

याच बेटावर, याच वर्षी, 'बिनलग्नाची' म्हणजे चार निराळ्या बायका. ही गोष्ट मला फार उशिरा उमगली.

पहिली शार्लट, गोरी. १८४४ च्या जनगणनेत जमैकाची लोकसंख्या ३,७७,४३३ आणि गोरे फक्त १५,७७६. तिचं लग्न व्हायचं ते या मूठभरांतच. मुलगे शिकायला विलायतेला जात, पुष्कळसे तिकडेच राहत. नवे येत ते तापाने मरत. १८१७ ते १८३६ या काळात जमैकातल्या गोऱ्या शिपायांत दर हजारी वर्षाला शंभराहून जास्त मृत्यू होत, मुख्यतः पिवळ्या तापाने. म्हणूनच १८४१ मध्ये डोंगरात न्यूकॅसलची छावणी उभारली. उरले मळ्यावरचे बुककीपर. नाव हिशेबनिसाचं आणि काम उन्हात उभं राहून देखरेख करायचं, पगार तुटपुंजा. त्यांच्याकडे शार्लटने मान वर करून बघायचं नाही, असा घरचा दंडक.

दुसरी तिची सावत्र बहीण. हो, ती असतेच, आणि तिला कथेबाहेर ठेवाल तर खोटं लिहाल. गोरा मालक आणि काळी किंवा मिश्रवर्णाची बाई यांचं लग्नाविना सहजीवन ही बेटावरची उघड रीत होती. अशा बाईला 'हाउसकीपर' म्हणत. तिच्या मुलांना बापाने फार ठेवू नये म्हणून १७६१ मध्ये कायदाच केला होता, २,००० पौंडांच्या वर वारसा नाही. तो १८१३ पर्यंत टिकला. शार्लटची सावत्र बहीण फाल्मथमध्ये खानावळ चालवते. तीही बिनलग्नाची, पण तिच्याकडे माणूस आहे, दोन मुलं आहेत, स्वतःचा गल्ला आहे. दोघींचं नाक सारखं आहे. शार्लटला तिचा हेवा वाटतो आणि हे मान्य करायला तिच्याजवळ भाषा नाही.

तिसरी फीबी. गुलामगिरीत तिच्या लग्नाला कायद्याने काडीची किंमत नव्हती, कुणालाही कधीही विकता येई. १८३८ नंतर बॅप्टिस्ट चॅपेलांतून लग्नांची रीघ लागली. वर्षानुवर्षं एकत्र राहिलेली, नातवंडं झालेली जोडपी बोहल्यावर उभी राहावीत तशी वेदीपुढे उभी राहिली. फाल्मथला विल्यम निब नावाचा पाद्री होता. त्याच्या पुढाकाराने ट्रेलॉनीत सुटलेल्या माणसांची स्वतंत्र खेडी वसली. मळेवाल्यांनी जुन्या झोपड्यांना भाडं लावलं तेव्हा लोक तिकडे जमीन घेऊन राहायला गेले. माझ्या कथेत फीबीचं लग्न १८३९ चं. म्हणजे १८४७ ला घरात दोघी चौतिशीच्या, आणि नवरा आहे तो फीबीला. पण सरसकट सगळ्यांनी चर्चमध्ये लग्न केलं असंही समजू नका. पुढे १८७८ मध्ये बेटावर जन्मनोंदणी सुरू झाली तेव्हा निम्म्याहून जास्त मुलं कागदोपत्री बिनलग्नाच्या आईची निघाली. त्या आयांना कुणी 'प्रेमाला पारखी' म्हणू लागलं तर त्या हसतील.

चौथी आपल्याकडची. जमैकात मजुरांचं पहिलं जहाज मे १८४५ मध्ये आलं, त्याच महिन्यात त्रिनिदादलाही. करारावर गेलेल्या या बायकांत एकट्या निघालेल्या बऱ्याच होत्या. त्यांच्या लग्नाला सरकारदरबारी नोंद नसल्यामुळे मांडवात सात फेरे घेतलेली बाई कागदावर अविवाहित आणि तिची मुलं अनौरस. त्रिनिदादमध्ये हिंदू विवाहाला कायद्याची मान्यता मिळायला १९४५-४६ साल उजाडलं. या बायकांवर लिहिणार असाल तर कागदातला 'अविवाहित' हा शब्द डोळे झाकून उचलू नका. बोटी मुख्यतः कोलकाता आणि मद्रासहून सुटत, तेव्हा तिच्या तोंडी उगाच मराठी ओवीही घालू नका.

चौघींपैकी एकीची कथा लिहा, पण लिहिताना बाकीच्या तिघी खोलीत आहेत हे विसरू नका.

ओढ हाताला द्या

समुद्र मी काढून टाकला. त्या घरातून समुद्र दिसतच नव्हता. मग ओढ दाखवायची कशातून? तिचे हात दिवसभर काय करतात, ते शोधलं. पेरूची जेली सापडली.

जमैकात पेरू रानोमाळ येतो. फोडी करून पाण्यात शिजवायच्या, गर फ्लॅनेलच्या पिशवीत भरून पिशवी रात्रभर टांगायची आणि रस आपोआप गळू द्यायचा. पिळायचा नाही, पिळला की जेली गढूळ होते. सकाळी रसात साखर, थोडं लिंबू, आणि आटवत राहायचं. पळी तिरकी धरल्यावर थेंब सुटे न पडता एकत्र येऊन पापुद्र्यासारखे ओघळले की उतरवायचं. मी हे चार वेळा घरी केलं. दोनदा गढूळ झाली, कारण माझा हात पिशवीकडे जायचाच. लिहायचा प्रसंग मला त्या हाताने दिला :

"स्वयंपाकघर बंगल्यापासून पंचवीस पावलं लांब होतं, आगीच्या भीतीने. शार्लट कंदील न घेता गेली. पिशवी आढ्याला टांगलेली, खाली पांढरी परात. थेंब पडला की आवाज यायचा, मग बराच वेळ काही नाही. तिने पिशवीला तळवा लावला. आत अजून ऊब होती. एखाद्याच्या पाठीला सदऱ्यावरून हात लावावा तशी. तिने हात काढला नाही. बोटं मिटत आली तेव्हा मागून फीबी म्हणाली, 'पिळू नका.'"

याच्यापुढे मला तिच्या एकटेपणाबद्दल काही सांगावं लागलं नाही. तुमच्या नायिकेसाठी दुसरं काही असेल. लेसबार्क नावाचं एक झाड जमैकात आहे, त्याची आतली साल भिजवून हलक्या हाताने ताणली की जाळीदार लेस निघते. तिचे रुमाल, पंखे, झगेसुद्धा करत. तुमची कथा १८८० च्या आसपासची असेल तर हे जास्त कामाचं. गव्हर्नर मस्ग्रेव्हच्या पत्नीने किंग्स्टनमध्ये डबघाईला आलेल्या घरंदाज बायकांसाठी संस्था काढली होती, तिथे अशा वस्तू विकायला ठेवत. घरंदाज बाईने आपली लेस परक्याच्या हाती चार शिलिंगांना जाताना बघायची, यात अख्खी कथा आहे. कुणीतरी लिहा.

पत्रं लिहिणार असाल तर टपाल समजून घ्या. १८४२ पासून रॉयल मेलच्या आगबोटी ठरलेल्या दिवशी येऊ लागल्या. आधीची वाट वाऱ्यावर अवलंबून असे, पत्र नाही आलं तर वाऱ्याला बोल लावता येई. आता बोट आली, थैली फुटली, आणि पत्र नाही, म्हणजे लिहिलंच नाही. शिवाय कागद वाचवायला लोक आडव्या ओळींवर पान फिरवून उभ्या ओळी लिहीत. माझ्या कथेत आडव्या ओळी सगळ्या घरासाठी आहेत, त्या शार्लट मोठ्याने वाचते. उभ्या ओळी ती खोलीत जाऊन वाचते. त्यांत काय आहे ते मी लिहिलेलं नाही.

तू आणि तुम्ही

इंग्रजीत जे लेखकाला मिळत नाही ते मराठीत आपल्याला फुकट मिळतं, ते सोडू नका. शार्लट आणि फीबी पाच वर्षांच्या असताना अंगणात खेळतात, तेव्हा दोघी एकमेकींना 'तू' म्हणतात. सातव्या वर्षी फीबी तिच्या नावावर होते. दुसऱ्या दिवशीपासून फीबी 'तुम्ही' म्हणते, शार्लटचं 'तू' तसंच राहतं. मी त्यावर भाष्य केलं नाही. वाचणाऱ्याच्या कानाला ते कळतं. शार्लटला पत्र लिहिणाऱ्या माणसाचंही तसंच : दोन पत्रं 'आपण', तिसऱ्यात 'तुम्ही', पाचव्यात एकदाच 'तू'. शार्लट ते पत्र उशीखाली ठेवते. भावाच्या मुलांसाठी तिला 'आत्या'च म्हणा. 'आंटी' म्हटलंत तर ती कुणाच्या बाजूची, कुणाच्या घरात राहते, ते सगळं पुसलं जातं.

आणि एक विनवणी. काळ्या माणसांच्या तोंडी "व्हय जी, आलो जी" घालू नका. आपल्याकडे भाषांतरांत ही खोड जुनी आहे. जमैकाची बोली हे आपल्या ग्रामीण मराठीचं रूप नव्हे, आणि घरातल्या गोऱ्या बायका काही शुद्ध इंग्रजी बोलत नव्हत्या. १८०१ ते १८०६ गव्हर्नर असलेल्या नूजंटची बायको मारिया हिने रोजनिशीत तक्रार केली आहे की इथल्या गोऱ्या बायका काळ्यांच्या बोलीत हेल काढून बोलतात. मला ती तक्रार फार मोलाची वाटली. शार्लट बोलायला शिकली ती फीबीच्या आईच्या कडेवर. लाडाचे, रागाचे, झोपवण्याचे शब्द तिच्याकडे आहेत ते त्या बाईचे. म्हणून मी दोघींना एकच साधी मराठी दिली, फरक ठेवला तो फक्त 'तू' आणि 'तुम्ही'चा.

फीबीला कापायला सांगतील

एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी कथा घेतली, पण फीबीच्या लग्नाची दोन पानं काढा म्हणाले. "कथा शार्लटची आहे, विषयांतर होतंय." मी कथा परत घेतली. त्या वर्षी ती कुठेच आली नाही आणि मला त्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण ती पानं काढली असती तर शार्लट पुन्हा समुद्राकडे बघत बसली असती, कुणाच्याही घामाशी संबंध नसलेली, सुंदर आणि दुःखी. तिच्या ओढीची मला कीव करायची नव्हती आणि न्यायनिवाडाही करायचा नव्हता. ती ओढ खरी आहे. जिच्या बदल्यात झगा आला ती बाई संध्याकाळी तिचे केस विंचरते, हेही खरं आहे. एकाने दुसरं खोडलं जात नाही. दोन्ही एकाच खोलीत, एकाच एरंडेलाच्या दिव्याखाली ठेवा. वाचणाऱ्याला गुदमरलं तर गुदमरू द्या.

शेवट करताना लग्न, मरण आणि बोट, या तिन्हींपासून लांब राहा. मी तिन्ही लिहून बघितले. बुककीपरशी लग्न लावलं, तर सगळा प्रश्न नवरा मिळण्याचाच होता असं झालं. तापात मारली, तर माझीच सुटका झाली. विलायतेच्या बोटीवर चढवली, तर तिथे उतरल्यावर तिला कोण विचारणार, हा प्रश्न मी समुद्रात टाकला. मग परत जेलीकडे आले. सकाळ आहे, रस आटतो आहे. फीबी आता आठवड्यातून तीन दिवस रोजावर येते, आज तिचा हिशेब व्हायचा आहे आणि पैसे आहेत की नाहीत ते शार्लटला माहीत नाही. पळी फिरवता फिरवता शार्लट विचारते, "घरी तुझा नवरा तुला काय म्हणून हाक मारतो?" सत्तावीस वर्षांत तिने फीबीला विचारलेला हा पहिला प्रश्न, ज्याचं उत्तर फीबीने द्यायलाच हवं असं नाही. फीबी पळी तिच्या हातातून घेते, तिरकी धरून थेंब बघते आणि म्हणते, "झाली. उतरवा."